चाळिसाव्या मजल्यावरचं लुगडं

चारकोपच्या त्या एका खोलीच्या बैठ्या घरात सकाळचं ऊन पत्र्याच्या फटीतून येत असे. आधी भिंतीवर ताकासारखी फिकट रेघ उमटे. मग ती पिवळी होत सावकाश खाली उतरे, पितळी कळशीपाशी क्षणभर रेंगाळे आणि जमिनीवर विसावे. काशीराम अंथरुणातून ते रोज पाही. स्टुडिओत मोठमोठे पडदे रंगवण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. हा उजेड कोणते रंग कालवले की साधतो, हे त्याला कुणाला विचारावं लागत नव्हतं.

त्या रविवारी मात्र कळशीच्या जागी भाड्याचा व्हीसीआर होता.

"बाबा, उठा. तुमचं अठ्ठ्याऐंशी साल लागलं," मुलगी लता म्हणाली.

त्रेसष्ट साली काशीरामने एका चित्रपटासाठी पंचवीस वर्षांनंतरची मुंबई रंगवली होती. बेचाळीस मजल्यांच्या इमारती, मधून उडणाऱ्या मोटारी. एवढ्या घरांत कुणाचंच काही वाळत नाही, हे रंगवताना त्याला खटकलं. मग चाळिसाव्या मजल्यावरच्या खिडकीत त्याने बायकोचं, द्रौपदीचं, हिरवं लुगडं दोरीवर टाकलं. संध्याकाळी तिला सांगितलं. चित्रपट आठवडाभरात उतरला. तो लागला तेव्हा ती बाळंतपणाला गावी होती, म्हणून तिला तो पाहता आला नाही. पण नळावर ती लुगड्याची गोष्ट पंचवीस वर्षं सांगत आली होती.

"आज बघूच वहिनी," शेजारच्या सुनंदाबाई ऐसपैस बसत म्हणाल्या. "नुसतं ऐकूनच म्हातारी झाले मी."

पडद्यावर शहर उगवलं. काशीराम ताठ बसला. इमारतींवर पडलेलं ऊन अजूनही खरं वाटत होतं.

"झकास, बाबा."

"पण एवढ्या वर पाणी चढतं कसं?" सुनंदाबाई म्हणाल्या. "आपल्याला जमिनीवर मिळत नाही."

"थांबव गं लता," द्रौपदी म्हणाली. चित्र थरथरत थांबलं. ती टीव्हीजवळ सरकली. उजवीकडची इमारत, वरून तिसरी ओळ. "खंय हा?" ती लुगडं शोधत म्हणाली.

"कॅसेट जुनी आहे," काशीराम ठामपणे म्हणाला. "हिरवा रंग आधी विटतो."

"मग ती मोटार बरी हिरवीगार राहिली?"

द्रौपदीने सुनंदाबाईंकडे पाहिलंही नाही. तिने एका खिडकीवर बोट टेकवलं. "हंयच आसा तां. हे कशाला खोटं सांगतील?"

बराच वेळ ते बोट तिथून हललं नाही.

"अगं, बोट काढ," काशीराम म्हणाला.

तिने काढलं. बोटाखाली एक खिडकी होती, शेजारच्या खिडक्यांहून किंचित जास्त राखाडी. पुढच्या काळात कपडे वाळत घालत नाहीत, असं दिग्दर्शकाचा मदतनीस म्हणाला होता, आणि काशीरामने मान डोलावली होती. लुगडं त्याने स्वतःच्याच हाताने पुसलं होतं. त्याच दुपारी, घरी येऊन तिला सांगण्याच्या आधी.