माळांचा मालडबा

ऐनाच्या झाडांवर कोसा, म्हणजे रेशमाचा कोष, पिकतो तेव्हा बायकांनी त्या झाडांखाली फिरकायचं नाही, हा आम्हा ढिवरांचा रिवाज. त्यामुळे मला कोसा माहीत तो घरातलाच, आढ्याला माळांनी लटकलेला, आत पाखरू निजलेलं.

दरवर्षी बियाण्याचे कोसे, ज्यांतल्या पाखरांच्या अंड्यांवर पुढचं पीक उभं राहतं ते, बा खांद्यावर कावड घेऊन धुरपताआत्याच्या गावी न्यायचा. यंदा मात्र रोगाने तिथलं सगळं बियाणंच गेलं. माल जास्त, म्हणून पहिल्यांदाच आगगाडी; वडशाहून मूलला. हे कोसे वाटेत मेले की तिथे वर्षभर कोसा नाही.

पोचूकाका पोत्यांत कोसे ठासत होता. माल हलू नये म्हणून व्यापारी असंच भरतात ना! मी पोत्याला गाल लावला. बाई गं, केवढं गरम!

"काका, घुसमटतीन ना हे!"

"शाळेत एक भाषण काय केलं, आता आमालेच शिकवून राह्यली!"

"व्यापाऱ्याचे कोसे मेलेले राह्यते. हे जित्ते हायेत!"

बाने पोत्यात हात घातला नि पटकन काढला. "सांग मंग, कसं करू?"

मला विचारलं! मला! "घरी टांगतो तसेच."

वडशाला मिळालेल्या मालडब्याच्या छताला कड्या होत्या. त्यांतून दोर ताणले, माळा बांधल्या. त्या झुलून आपटू नयेत म्हणून खालची टोकंही आवळली, भिंतींना भाताच्या तणसाच्या पेंढ्या लावल्या.

"मांडवच झाला वो! नवरी कुठी हाय?" काका म्हणाला.

"निजली हाय. हळू बोल!"

बा नि मी मालासोबतच बसलो. किलकिल्या दारातून उन्हाची पट्टी यायची, माळांवरून हळूहळू सरकायची, कोसे एकेक करून उजळायचे नि विझायचे. मोहाचा वास, चाकांची अंगाई... मीही एक कोसाच, आणि माझ्याभोवती कुणी तरी जंगल गुंडाळत चाललंय, असं वाटत होतं.

नागभीडला डबा जोडताना असा धक्का बसला की मी बाच्या अंगावर! माळा शहारल्या, थांबल्या. दाराजवळची एकच तुटली. ती मी ओच्यात घेऊन बसले, श्वाससुद्धा जपून.

मूलला पोचेतो सांज झाली. आत्या धावतच डब्याशी आली. "जित्ते हायेत का वो?"

मी ओचा उघडला. ओच्यातल्या एका कोशाचं टोक ओलं झालं होतं. त्यातून चुरगळलेलं काही बाहेर आलं, माझ्या चोळीवर चढलं, आणि हळूहळू पिवळे पंख पसरू लागलं.

आत्याने वाकून पंख पाहिले.

"पिवळी हाय, मंजे मादी," ती कुजबुजली. मग हमालांवर ओरडली, "हळू उतरवा रे बाकीच्याईले!"