चष्मेवाल्याची लेक आणि चार भाषा

माझा धाकटा भाऊ चष्मेवाला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे एक भिंग धरायचं, मग दुसरं, आणि विचारायचं, “हे बरं की ते?” सवय इतकी अंगात मुरलेली, की झोपेत कूस बदलतानाही हेच विचारतो, आणि उशी उत्तर देते.

त्याच्या लेकीला, आमच्या चिमणीला, विद्यापीठात परकीय भाषांच्या पदवीला जागा मिळाली. चारांतली एक भाषा संध्याकाळपर्यंत कळवायची, नाहीतर जागा दुसऱ्याला.

“बाबा, मला चारही आवडतात हो!”

“त्यात काय एवढं? जर्मन बरी की स्पॅनिश?”

“स्पॅनिश.”

“स्पॅनिश की जपानी?”

“जपानी.”

“जपानी की रशियन?”

“रशियन.”

“रशियन की जर्मन?”

“जर्मन!”

झालं, ये रे माझ्या मागल्या! दुपारपर्यंत हेच चऱ्हाट. पोरीला शिंक जर्मनमध्ये आणि उचकी स्पॅनिशमध्ये यायला लागली. दुकानातलं घड्याळ रशियनमध्ये टोले देऊ लागलं. खोटं बोलत असेन तर माझी कवळी पडो. तशी ती कालच पडली, पण ती वेगळ्या कारणानं.

“पोरीच्या डोक्याचा पार भुगा केलात,” भावजय कडाडली. “गिऱ्हाईक असतं तर केव्हाच पळालं असतं!”

चिमणी रडवेली होऊन समोरच्या अक्षरांच्या पाटीकडे बघत बसली. खालची ओळ तिला नेहमीसारखीच पुसट दिसत होती.

“बाबा, चष्मा जे दिसतं त्यासाठी देता की जे दिसत नाही त्यासाठी?”

“दिसतं त्याला चष्मा कशाला गं, वेडे?”

चिमणी ताडकन उठली. “जर्मन शाळेत झाली. स्पॅनिश गाण्यांतून कळते, जपानी कार्टूनमधून. रशियनचं मात्र मला अक्षरही लागत नाही. काका, गाडी काढा!”

आम्ही पोचलो तेव्हा कारकून खिडकीची झडप ओढत होता. चिमणीनं फटीतून हात घातला आणि ओरडली, “रशियन!”

परत आल्यावर दुकानात पेढ्यासारखं गोड वातावरण. पाणी पिऊन चिमणी हळूच म्हणाली, “पण बाबा, जपानी बरी होती का हो?”

भावाचा हात आपसूक भिंगांच्या पेटीकडे गेला. पण भावजय आधीच पेटीवर ठाण मांडून बसली होती.