कपाला झालेली कावीळ

"निघाली! निघाली!" असा गलका झाला आणि गोदामातली गर्दी टाचा उंचावून पुढे झुकली. पांढऱ्या टोपावर हात धरून बसलेल्या माणसाच्या बोटांवरून पिवळंजर्द पाणी ठिबकत होतं.

"बघा, रक्तातलं विष!" झुडपीबाबा गरजला. "रानातली निर्गुडीमाय अंगात शिरते, काविळीचा कान धरते आणि हाकलून देते! डॉक्टरांच्या सुईला जमतं का हे?"

लोक हसले, काहींनी हात जोडले. रंगारीणबाई मात्र टोपाकडे बघतच नव्हती. ती बघत होती हात धरून बसलेल्याकडे, तिच्या धाकट्या भावाकडे. त्याची मान सारखी छातीवर कलत होती. सकाळी त्याने तिलाच विचारलं होतं, "बाई, आपण कुणाकडच्या?" आणि डॉक्टरीणबाईंनी तर कालच बजावलं होतं, की ग्लानी आली तर तासभरही न थांबता दवाखान्यात आणा.

"अगं, गाडी दारात उभी आहे," ती भावजयीच्या कानाशी म्हणाली. "ऊठ आता."

"वन्सं, एकच धुणं राहिलंय. तीन पुरी व्हायच्या आत उठवलं तर विष मेंदूत चढतं म्हणालेत."

"आणि तोवर याची शुद्ध हरपली तर?"

भावजयीने नवऱ्याचा सदरा मुठीत घट्ट धरला. ओढाताण करून ती सोडणार नव्हती.

निर्गुडीशी रंगारीणबाईचं काही वाकडं नव्हतं. दिवसभर रंगाच्या हंड्यांवर वाकून कंबर धरली की ती त्याच पानांनी शेकायची. देवाने रानात ठेवलेली ती माया आहे, असंच मानायची. तिने भावाला उठवायला त्याचा ओला हात धरला. बोटं बुळबुळीत लागली आणि मग तिची स्वतःची कातडी ओढल्यासारखी झाली. ही ओढ तिच्या ओळखीची होती. वीस वर्षं रंगकामात तिचे हात असल्याच पाण्यात भेगाळले होते.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "माझेही हात धुवा."

"तुला रोग नाही, माय."

"मग पाणी स्वच्छच राहील. बिघडलं कुठे?"

"धुवा की, बाबा!" मागून कुणीतरी ओरडलं. बाबाने नाइलाजाने तिच्या तळव्यांना निर्गुडीचा म्हणून ठेवलेला सालीचा फिकट रस चोळला आणि तांब्यातलं पाणी ओतलं. पाणी पिवळं झालं.

"बघा! हिच्यात लपलेली कावीळ होती!"

गर्दी शहारली. भावजय तर रडायलाच लागली. रंगारीणबाईने बाबाचा चहाचा रिकामा कप विसळला, त्याला तोच रस फासला आणि तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं. कपावरून पिवळे ओघळ वाहिले.

"यालाही लपलेली कावीळ का हो, बाबा?"

"अहो, बशीलाही लागण झाली असेल!" कुणीतरी म्हणालं आणि गोदाम खदखदलं.

तिने पुन्हा कप धुतला, रस फासला आणि या वेळी नळाचं पाणी ओतलं. पिवळेपणाचा थेंबही उमटला नाही.

"तांब्यात चुन्याची निवळी आहे," ती म्हणाली. "आणि हा रस आंब्याच्या सालीचा. त्या सालीच्या काढ्यातलं सूत चुन्यात बुडवलं की पिवळं होतं. आम्ही रोज हेच करतो, त्याला रंगकाम म्हणतो. हे पाणी कितीही पिवळं झालं तरी याचे डोळे पांढरे झालेत का, तूच बघ."

भावजयीने नवऱ्याची पापणी वर केली. डोळा अजून पिवळाच होता. तिने त्याला एका बगलेत धरलं. "वन्सं, तुम्ही तिकडून धरा."

दोघींनी त्याला गाडीत आडवं केलं. बाबा मागून शाप देत होता. रंगारीणबाई हात धुवून घ्यायला थांबलेल्या रांगेकडे वळली. "निर्गुडीने कंबर शेका, मीही शेकते. पण कावीळ कशाने झाली हे झाडपाल्याला विचारू नका, हात धुतलेल्या पाण्याला तर नाहीच. रक्त तपासा. देवाने बुद्धी दिली आहे; ती न वापरणं म्हणजे त्याचाच अपमान."

कुणी हललं नाही. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. तेवढ्यात कडेवर पिवळ्या डोळ्यांचं मूल घेतलेली एक बाई रांग सोडून धावत आली आणि तिने गाडीचं दार धरलं.

"सरका जरा, बाई. आम्हालाही न्या."