समोरच्या दाताचा कोपरा

कोपरा गेलाय हे मला दुकानात कळलं. रंगाचा डबा हलवत होतो आणि सवयीने जीभ वरच्या पुढच्या दाताच्या मागे गेली. तिथे एक बारीकशी कड असायची. ती नव्हती. जीभ थेट बाहेरच आली. डबा खाली ठेवला, गल्ल्यामागच्या आरशात तोंड उघडून पाहिलं. दाताचा खालचा कोपरा तिरका उडालेला.

काउंटरवर अर्धं खाल्लेलं सफरचंद होतं. ते उलटसुलट करून पाहिलं. मग खाली वाकून फरशीवर बॅटरी मारली.

"काका, काय हरवलं?" गिऱ्हाईकाने विचारलं.

"दात."

"अख्खा?"

"कोपरा."

"मग गिळला असणार तुम्ही," असं म्हणून त्याने आपला डबा उचलला आणि तो गेला.

खरंच गिळला असणार. हा कोपरा माझ्या बायकोने बसवलेला होता. ती गेल्या हिवाळ्यात गेली. तिचे कपडे, चष्मे, दवाखान्यातली फिरती खुर्ची, सगळं आहे. पण तिच्या हातची आणि दिवसभर माझ्याबरोबर असणारी अशी ही एकच वस्तू होती, आणि ती मी सफरचंदाबरोबर खाऊन बसलो. तिला सांगितलं असतं तर म्हणाली असती, "फोडी करून खायला काय होतं तुम्हाला?"

ती दातांची डॉक्टर. माझं रंगाचं दुकान. आमची ओळख भांडणातून झाली. तिने आपल्या पहिल्या दवाखान्यासाठी माझ्याकडून फिकट हिरवा रंग नेला आणि दुसऱ्या दिवशी उरलेला डबा परत घेऊन आली. म्हणे डब्यात एक दिसतो आणि भिंतीवर दुसराच. मी म्हटलं, "बाई, ओला रंग वेगळा, वाळला की वेगळा." ती म्हणाली, "मला रंग शिकवू नका, मी दिवसभर तेच करते." तो दवाखाना शेवटी मीच रंगवून दिला. पुढे ती सगळ्यांना सांगायची की लग्न केलं ते रंग फुकट मिळतो म्हणून.

दात मोडला तो माझ्याच आगाऊपणाने. ब्रशच्या पाकिटाची प्लॅस्टिकची पट्टी दाताने तोडायला गेलो. तिने त्याच दुपारी मला खुर्चीवर बसवलं. "आ करा." मी आ केला. मग तिने झापायला सुरुवात केली. दातांच्या डॉक्टरचा नवरा, आणि पट्ट्या दाताने तोडतो, लोक काय म्हणतील. माझं तोंड उघडं, उत्तर देता येईना. अशी संधी तिला पुन्हा कधी मिळणार? तिने मागचं पुढचं सगळं काढलं. माझ्या ताईपर्यंत पोचली. मग कधीतरी रंग निवडला, दाताला लावायचा तो मसाला, कंपोझिट म्हणतात त्याला, थराथराने लावला आणि निळ्या दिव्याने कडक केला. बाहेर पेशंट खोळंबले होते. "पॉलिश उद्या करते," म्हणाली.

संध्याकाळी आरशात पाहिलं तर कोपरा पांढराफेक. जुन्या भिंतीच्या एका कोपऱ्यात कुणी ताजी पुट्टी मारावी तसा.

"डॉक्टर, शेड चुकली."

"तुमच्यामुळे चुकली."

"मी काय केलं? मी तर एक शब्द बोललो नाही."

"म्हणूनच."

मला वाटलं, उडवून लावतेय. मग वर्षानुवर्षं मी तिला त्यावरून चिडवलं. रंगवाल्याच्याच तोंडात चुकीची शेड. ती म्हणायची, "थांबा, तो पुढच्या दातांचा मोठा कोर्स करते, मग तुमचा कोपरा असा करते की तुम्हालाही सापडणार नाही." शिकलेल्या डॉक्टरांनाही असे कोर्स करत राहावं लागतं, नवीन मसाले येतात, नवीन पद्धती येतात. ती दर वर्षी काही ना काही करायची. कधी हिरड्यांचा, कधी दाढांचा. पुढच्या दातांचा राहिला. पॉलिश राहिलं. म्हणून दातामागची कड तशीच राहिली आणि माझ्या जिभेला चाळा लागला. जेवताना समोर बसून ती ओरडायची, "जीभ!" की मी जीभ आत घ्यायचो.

कोपरा गिळला त्या संध्याकाळी घरी गेलो, "आलो" म्हणायला तोंड उघडलं, तर सूनबाईने दारातच पकडलं. सूनबाईही दातांचीच. सासूच्या हाताखाली शिकली, आता तोच दवाखाना चालवते.

"बाबा, हसा बघू."

"हसण्यासारखं काय झालंय?"

"अहो, दात दाखवा."

मी दाखवला. तिचा चेहरा आधी पडला. मग हळूच उजळला. मग उजळला म्हणून ओशाळला.

"बाबा, रागावणार नसाल तर बोलू? मला पेशंट मिळत नव्हता."

सासूचा राहिलेला तो कोर्स सूनबाई करत होती. रोज दवाखाना बंद करून, प्लॅस्टिकच्या दातांवर थर लावत बसायची. शेवटच्या रविवारी खरा माणूस लागतो, पुढचा दात मोडलेला. सरांसमोर काम करायचं आणि ते पसंत पडलं तर पास.

"म्हणजे मी गिळला आणि तुझं भलं झालं."

"असं नका ना म्हणू. पण हो."

"येतो. पण कोपरा होता तसाच पाहिजे. पांढरा. आणि मागे कड."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाबा, काम केलेलं ओळखू येऊ नये, हेच तर तिथे शिकवतात. ओळखू आलं की मी नापास."

"मग दुसरा पेशंट बघ."

"आईंना तो कोपरा किती खुपायचा, माहीत आहे का तुम्हाला?"

माहीत नसायला काय झालं? कुठल्याही समारंभाला गेलो की ही कानाशी लागायची, "ओठ मिटा, माझ्या कॉलेजच्या सगळ्या आल्यात." सूनबाईने कपाटातले सगळे फोटो काढले. प्रत्येक फोटोत मी तोंड घट्ट मिटून उभा, कुणीतरी नुकतंच ओरडल्यासारखा. शेजारी ही मात्र बत्तीशी दाखवून हसतेय.

"बघा. एका तरी फोटोत तो कोपरा आहे का? मी नक्कल करू कशावरून?"

"मी सांगेन. माझ्या जिभेला पाठ आहे."

मुलगा ताटावरून मान वर न करता म्हणाला, "तुमचं तुम्ही ठरवा. मला दातातलं फक्त घासणं कळतं."

रविवारी गेलो. डेंटल कॉलेजच्या वरच्या मजल्यावर मोठी खोली होती. रांगेने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर कुणाचा तरी काका, शेजारी किंवा मेव्हणा. समोर मोठा पडदा. शिकवणाऱ्या सरांचे दात इतके पांढरे आणि एकसारखे की ते बोलायला लागले की माझं लक्ष शब्दांवर राहीना. त्या शेडचे डबे मी दुकानात ठेवतो, पण तो रंग लोक छताला लावतात.

सूनबाईने त्यांना आधीच माझी अट सांगितली असावी. ते माझ्यापाशी येऊन थांबले.

"काका, तुम्हाला मुद्दाम खराब काम हवंय म्हणे?"

"खराब नाही. होतं तसं."

"एवढ्या वर्षांत चुकीचं काम दुरुस्त करून द्या म्हणणारे खूप आले. चुकीचं करून द्या म्हणणारे तुम्ही पहिलेच."

"करता येत नसेल तर राहू द्या," मी म्हटलं.

ते हसले आणि पुढे गेले. मग त्यांनी खोट्या दातांची एक पट्टी हातात घेतली. आमच्या शेड कार्डासारखीच, पिवळट ते पांढरट असे ओळीने दात. शेजारच्या खुर्चीवरची डॉक्टर हातमोजे चढवत होती, तिला त्यांनी थांबवलं.

"आधी काय? रंग. सगळ्यात आधी रंग. तोंड उघडं राहिलं की दात वाळतो. वाळला की आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो. मग तुम्ही पांढरा मसाला निवडता. पेशंट घरी जातो, तोंड मिटतो, दात पुन्हा ओला होतो, मूळ रंगावर येतो. आणि तुमचा कोपरा राहतो पांढराच. चांगल्या चांगल्या डॉक्टरांचं असं होतं. बोलण्यात वेळ गेला की झालंच."

मी खुर्चीत उठून बसलो. बोलण्यात वेळ गेला की. माझ्या ताईपर्यंत पोचेपर्यंत माझा दात वाळून कोरडाठाक झाला होता. तुमच्यामुळे चुकली, म्हणूनच, हे ती अगदी खरं सांगत होती. आणि वाळल्यावर रंग बदलतो हे मी तिला पहिल्याच भेटीत, काउंटरवर उभा राहून सांगितलं होतं. संध्याकाळी तो पांढरा कोपरा पाहिला तेव्हाच तिला कळलं असणार. पण नीट उलगडून सांगितलं असतं तर मी जन्मभर म्हणत राहिलो असतो, मी बोललो होतो, मी बोललो होतो. म्हटलंच असतं. म्हणून त्या "म्हणूनच"च्या पुढे तिने अवाक्षर काढलं नाही.

मी मोठ्याने हसायला लागलो. सगळ्या खोलीने वळून पाहिलं.

"बाबा, काय झालं?" सूनबाई घाबरली.

"तुझ्या सासूची चोरी सापडली."

तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली. मग तिने मनगटाने डोळे पुसले, कारण हातात मोजे होते. मग माझ्यावर वाकून हळू आवाजात म्हणाली, "बाबा, खरंच पांढरा करू का? तुम्ही म्हणाल तर करते. नापास तर नापास."

तिचा चेहरा बघितला. रोज रात्री डोळे चोळत बसायची, ते आठवलं. आणि समारंभात कानाशी येऊन "ओठ मिटा" म्हणणारी ही आठवली. तो पांढरेपणा तिला पुसायचा होता. मी मात्र तो जपायला निघालो होतो.

"नको. रंग बरोबर कर. तिच्या मनासारखं होऊ दे. पण मागची कड..."

"ती आत असते, बाबा."

"म्हणूनच म्हणतोय. आणि रंग आधी घे."

"कधीच घेतला. तुम्ही हसत होतात तेव्हा."

तिने रबराचा पडदा ताणून दातांभोवती बसवला आणि माझं बोलणं बंद झालं. ती एकाग्र होऊन काम करत होती. थर लावायची, दिवा धरायची, मागे होऊन बघायची. मी तोंड उघडून पडलो होतो आणि वाट बघत होतो की सूनबाई आता काहीतरी बोलेल. मी खुर्चीवर ओला टॉवेल टाकतो, गोळ्या विसरतो, दुकानातले रंगाचे हात घेऊन सोफ्यावर बसतो. झापायला विषय भरपूर होते. ती काहीच बोलली नाही. त्या खुर्चीत मला गप्प डॉक्टरची सवय नव्हती.

काम झाल्यावर सरांनी माझ्या दातांचा फोटो काढून पडद्यावर लावला. माझे दात दारापेक्षा मोठे दिसत होते. "कोणता दात केलाय?" त्यांनी विचारलं. शेजारच्या खुर्चीवरची डॉक्टर उठून गेली आणि तिने चुकीच्या दातावर बोट ठेवलं. दोघातिघांनी मान डोलावली. सूनबाईचा श्वास सुटलेला मला ऐकू आला.

मग सर माझ्याकडे आले. छोटा आरसा दाताच्या मागे धरला, टोकदार काडी हळूच फिरवली. काडी अडली.

"इथे कड आहे."

"हो सर."

"राहिली?"

"पॉलिश राहिलंय, सर."

"मग करून टाका. वेळ आहे अजून."

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. आरसा बाहेर निघताच माझी जीभ तिकडे गेली. हुबेहूब नव्हती. जुनी कड जरा उजवीकडे होती आणि जास्त खरखरीत होती. पण जीभ जिथे अडायची तिथे अडली.

"उद्या करते, सर," ती म्हणाली.

"उद्या कोर्स नाहीये."

"दवाखान्यात करते."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तोंड मिटून, फोटोत असतो तसा बसलो होतो. "पॉलिश झाल्याचा फोटो पाठवा," ते म्हणाले, "मग सर्टिफिकेट मिळेल. तोवर तुमचं काम अपुरं धरतो."

"चालेल, सर."

जिना उतरताना मी म्हटलं, "माझ्यापायी तुझं अडलं."

"अडू दे. पाच मिनिटांचं काम आहे, तुम्ही म्हणाल तेव्हा करू. नाहीतरी सगळ्यांनी चुकीच्या दातावर बोट ठेवलं, मला तेवढं पुरे."

"आणि सासूला काय सांगू?"

"सांगा की शेड बरोबर आली. आणि सून कमी बोलते."

आता दुकानात कुणाला दात ओळखू येत नाही. रंगवाल्याच्या तोंडात रंग बरोबर आहे. सफरचंद मी फोडी करून खातो. सरांचे सूनबाईला मेसेज येतात, फोटोचं काय झालं म्हणून. ती मला दाखवते आणि फोन बाजूला ठेवते. परवा जेवताना माझी जीभ दातामागे गेली असेल, मला कळलंही नाही. समोरून आवाज आला, "जीभ!" मुलाने दचकून मान वर केली. मी जीभ आत घेतली. सूनबाई काही झालंच नाही असं दाखवत ताटात वाढत राहिली.

पॉलिश अजून राहिलंय.