तीनशे मीटरचं धुकं

स्पर्धेची मुदत संपायला चार दिवस उरले होते आणि बबीची गाडी लाल सिग्नलच्या अलीकडे चौऱ्याऐंशी मीटरवर निमूटपणे उभी राहत होती. कुठल्याही शहाण्या माणसाला याचा आनंद झाला असता. बबी मात्र हवालदिल झाली होती, कारण तिला ती गाडी सिग्नलच्या पुढे गेलेली हवी होती.

बबीचं वय चौतीस, नोकरी मोजणी कार्यालयात नकाशे काढण्याची. घरी ती अजून बबीच होती, आणि इंटरनेटवरच्या ज्या मंडळात तिच्या संध्याकाळी जायच्या, तिथे तिला ‘बिनचूक’ म्हणत. हे मंडळ आगगाडी चालवायच्या कॉम्प्युटर गेमचं वेड लागलेल्या लोकांचं. त्या गेममध्ये रूळ आणि गाड्या तयार मिळतात. पण गाडी किती वाजता सुटणार, हवा कशी असणार, कुठला सिग्नल केव्हा लाल होणार, हे कुणीतरी ठाण मांडून बसून रचावं लागतं. अशा रचलेल्या फेरीला सिनॅरिओ म्हणतात. वर्षातून एकदा मंडळ सिनॅरिओंची स्पर्धा घेई. सभासद एकमेकांचे सिनॅरिओ चालवत, कोण कुठे चुकलं याचा तक्ता लागे, आणि पहिला आलेला सिनॅरिओ गेमच्या पुढच्या आवृत्तीत जाई. हे सगळं सांभाळणारे गृहस्थ मंडळात ‘स्टेशनमास्तर’ होते आणि पोटापाण्यासाठी दात काढत.

या वर्षी बबीला नंबराशी फारसं देणंघेणं नव्हतं. तिला बाबांना सोडवायचं होतं.

बाबा सत्तावीस वर्षं ड्रायव्हर होते. सहा वर्षांपूर्वी, एका धुक्याच्या सकाळी, त्यांची पॅसेंजर गाडी लाल सिग्नल ओलांडून बासष्ट मीटर पुढे गेली आणि थांबली. कुणाला खरचटलंदेखील नाही. पण लाल ओलांडला म्हणजे ओलांडला. चौकशी झाली, ठपका बसला, बाबा इंजिनावरून उतरले ते थेट सामानाच्या गोदामात गेले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच नटबोल्ट मोजत राहिले. त्यांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं: वळण आणि धुकं, त्यामुळे सिग्नल वेळेवर दिसलाच नाही. चौकशीवाल्यांनी मानलं नाही. बबीने मानलं. ती बापाच्या बाजूने इतकी ठाम होती की त्या विषयावर घरात कुणी ब्रही काढत नसे.

मग यंदा तिच्या डोक्यात आलं, की मंडळातल्या चाळीस लोकांना तीच गाडी, तोच सिग्नल, तेच धुकं द्यावं आणि बघावं. चाळीसजण चुकले तर बाबा कसे दोषी? आईने कपाटातून चौकशीचा अहवाल हळूच काढून दिला. त्यात सगळी मापं होती. छोट्या स्टेशनातून गाडी पिवळ्या सिग्नलवर सुटते, वेग साठ, मग पूल, पुलापलीकडे वळण आणि वळणावर तो सिग्नल. त्या सकाळी नजर पोचत होती तीनशे मीटर. बबीने तंतोतंत मांडलं. मापं हा तर तिचा हातखंडा.

आणि गाडी थांबत होती. तिने सतरा वेळा चालवली, सतराही वेळा थांबली. तुला जागा माहीत आहे म्हणून थांबते, असं तिने स्वतःला समजावलं. मग कार्यालयात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, गेमचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्या बाईंना घरी बोलावून, चहा पाजून, खुर्चीत बसवलं. बाईंनी लाल दिसताच ब्रेक ओढला आणि “संपलं? एवढंच?” असं विचारलं.

तेव्हापासून बबीला अन्न गोड लागेना. जेवताना ती बाबांकडे बघायची आणि नजर ताटात वळवायची. साठच्या वेगाला गाडी थांबायला सव्वादोनशे मीटर पुरतात. तीनशे मीटरवरून सिग्नल दिसत असेल, तर मग बाबा... वाक्य इथपर्यंत आलं की ती उठून काहीतरी कामाला लागायची. तिने भांडी घासली, पुस्तकांचं कपाट आवरलं, पडदे धुतले. आईला वाटलं लेकीला उशिरा का होईना घराची आठवण झाली.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, ऑफिसातून आल्या आल्या, चपलाही न काढता ती कॉम्प्युटरपुढे बसली. धुकं कमी-जास्त करायची पट्टी तिने तीनशेवरून एकशे ऐंशीवर आणली. नजर आता तेवढीच पोचणार होती. एवढंच केलं. कार्यालयात कुणी येऊन हद्दीचा दगड वीतभर सरकवा म्हणाला असता तर तिने त्याला दाराबाहेर काढलं असतं. इथे तिने एकशेवीस मीटर गिळले, सिनॅरिओ पाठवून दिला आणि मग हात धुऊन आली.

पुढचे दहा दिवस काही विचारू नका. ऑफिसात एका नकाशावर तिने विहीर रस्त्यात काढली, जे तिच्या हातून बारा वर्षांत झालं नव्हतं. कुणी धुकं ताडेल का? कुणी अहवाल मागेल का? मंडळात अहवाल कुणी पाहिलेला नव्हता, तरी तिला धाकधूक होतीच. खरी भीती मंडळाची नव्हती, हे तिला कळत होतं. पण कळून उपयोग काय.

तक्ता शनिवारी संध्याकाळी लागला. एकेचाळीस जणांनी गाडी चालवली होती, तेहतीस जण लाल ओलांडून गेले होते. खाली लोकांनी लिहिलं होतं: सिग्नल दिसतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. एकाने लिहिलं, असा सिग्नल खरोखर कुठे असेल तर तिथल्या ड्रायव्हरची दया येते. स्टेशनमास्तरांनी स्वतः अभिप्राय दिला होता की यात चालवणाऱ्याचा काडीचाही दोष नाही, आणि सध्या ‘बिनचूक’ पहिल्या नंबरावर आहेत. अंतिम निकाल बुधवारी.

सहा वर्षं जे वाक्य ऐकायला तिचे कान आसुसले होते ते समोर लिहिलेलं होतं, आणि बबीला ते पुन्हा वाचवत नव्हतं. बाबांना सांगायचं कसं, या विचारात ती असतानाच, तिच्या खांद्यावरून तक्ता वाचून गेलेल्या आईने स्वयंपाकघरातून सांगूनही टाकलं. आईच्या पोटात तीळ भिजत नसे.

रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर बाबा बबीच्या खोलीत आले. या खोलीतल्या त्या गेमकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

“चालवून बघू का गं मी?” त्यांनी विचारलं.

“कशाला बाबा? तुम्हाला माउसची सवय नाही.”

“इंजिनाची तरी कुठे राहिलीये. सरक.”

ती सरकली. तिने ब्रेक कुठला, वेग कुठे दिसतो ते दाखवलं. बाबांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि गाडी स्टेशनातून काढली. त्यांचा हात माउसवर अवघडला होता, पण पाठ एकदम ताठ झाली. साठचा वेग आला. पूल आला. पुलाच्या मध्यावर बाबा पुढे झुकले.

“इथून दिसायला हवा,” ते म्हणाले.

पूल संपायच्या आत, सिग्नल दिसायची वाट न बघता, बाबांनी ब्रेक ओढला. समोर नुसता पांढरा पडदा.

“धुकं जास्त आहे.”

“अहवालातलंच आहे, बाबा.”

“त्या अहवालावर माझी सही आहे, बबी. तीनशे लिहिलंय त्यात.” ते रागावले नव्हते, हेच वाईट होतं. “किती ठेवलंस?”

“एकशे ऐंशी.”

“आणि तीनशेवर गाडी थांबते?”

तिने हो म्हणून मान हलवली. तिला रडू फुटलं आणि ते लपवायचाही तिने प्रयत्न केला नाही. आपण बापाला सोडवायला निघालो आणि त्याला त्याच्याच तोंडावर खोटं पाडलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

बाबा पडद्याकडे वळले. मग म्हणाले, “मला दिसला होता तो.”

“काय?”

“सिग्नल. पुलावरूनच दिसला होता. रोजचं होतं बघ ते. निघताना आम्हाला पिवळा मिळायचा, म्हणजे पुढचा लाल आहे, सावध जा. पण आम्ही पुलावर पोचेपर्यंत पुढची मालगाडी बाजूला झालेली असायची आणि त्या लालचा पिवळा झालेला असायचा. नऊ वर्षं त्या वेळेला तो मला पिवळाच मिळाला. एकदाही चुकला नाही.” त्यांनी माउस बाजूला सारला. “इंजिनात सिग्नल मोठ्याने पुकारायचा असतो. ड्रायव्हरने म्हणायचं, असिस्टंटने बघून परत म्हणायचं. मी म्हटलं, पिवळा. तोही म्हणाला, पिवळा. सिग्नल दीडशे मीटरवर आल्यावर आम्हाला कळलं की तो लाल आहे. तोपर्यंत खरंच पिवळा दिसत होता गं. शपथेवर सांगतो.”

“मग हे चौकशीत का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? डोळ्यांनी लाल पाहिला आणि पिवळा वाचला, असं? कोण ऐकून घेणार? धुकं म्हटलं की निदान लोक मान तरी हलवतात. तुझी आईसुद्धा हलवायची.” बाबांनी चष्मा काढला. “तू तर भांडायचीस माझ्यासाठी. मग तुला सांगणं तर अजूनच अवघड झालं.”

बबीला काय वाटलं ते सरळ सांगायचं तर तिला राग आला. सहा वर्षं ती लोकांशी, नातेवाइकांशी, एकदा तर सख्ख्या मामाशी धुक्यावरून भांडली होती. आणि वर तिचा बाबांच्या म्हणण्यावर विश्वासही बसेना. लालचा पिवळा कसा दिसेल माणसाला? रोज दिसतो म्हणून? तिने तसं म्हटलं नाही, पण बाबांनी तिच्या चेहऱ्यावर ते वाचलं आणि ते उठले.

“धुकं काढून टाक ते,” दारातून ते म्हणाले. “तेहतीस लोकांना उगीच चुकवलंस.”

तिने त्याच दुपारी स्टेशनमास्तरांना लिहिलं, की सिनॅरिओतलं धुकं मी मुद्दाम वाढवलं होतं, तो मागे घेते. त्यांचं उत्तर तासाभरात आलं. मागे घेतलेला सिनॅरिओ बाद, नियम सगळ्यांना सारखा. पण कळवलंत ते बरं केलंत. मंडळात कुजबुज झाली. कुणीतरी ‘बिनचूक’ या नावावर फिरकी घेतली. बबीने ती मुकाट्याने गिळली, कारण तिच्या डोक्यात आता वेगळंच घोळत होतं.

तिने आठवडाभर बसून दुसरा सिनॅरिओ रचला. तो कुठल्याच स्पर्धेत बसणारा नव्हता. स्टेशन ते सिग्नल, सहा मिनिटांची तीच फेरी, लागोपाठ पंधरा वेळा. धुकं तीनशे. प्रत्येक फेरीत पुलावर पोचेपर्यंत लालचा पिवळा झालेला असणार. कुठल्या तरी एका फेरीत होणार नाही. ती फेरी कोणती, ते तिने कॉम्प्युटरवर सोपवलं, म्हणजे तिलाही कळायची सोय नव्हती.

पुढच्या रविवारी जेवणं उरकल्यावर तिने बाबांना बोलावलं. “असिस्टंट पाहिजे,” म्हणाली. बाबा आढेवेढे घेत आले आणि बाजूच्या स्टुलावर बसले.

पहिल्या पाच फेऱ्यांना बबीचे तळहात ओले झाले होते. पूल आला की ती श्वास रोखून धरायची, डोळे बारीक करून धुक्यात बघायची, ठिपका दिसला की नीट खात्री करून घ्यायची आणि मग म्हणायची, “पिवळा.” बाबा स्टुलावरून म्हणायचे, “पिवळा.” मनात ती म्हणत होती, लाल आला की मी ओळखणारच, आणि ओळखला की मग काय? मग बाबांच्या तोंडाकडे बघायचं कसं? तिला थांबावंसं वाटत होतं, पण आता थांबणंही वाईट दिसलं असतं.

सातव्या फेरीला तळहात कोरडे झाले. आठव्याला तिने मानेला आळोखेपिळोखे दिले. नवव्याला बाबांनी विचारलं की स्वयंपाकघरातला नळ गळतोय, तो नीट करणारा माणूस कधी येणार. दहाव्या फेरीत ती म्हणाली, बुधवारी. “पिवळा.” “पिवळा.”

अकराव्या फेरीला आई दारात येऊन उभी राहिली. जाड पांघरुणं धुवायला टाकू का, की अजून थंडी पडेल असं वाटतं, असं तिचं म्हणणं होतं. बबी म्हणाली, दोन ठेव, बाकीची टाक. पूल आला. धुक्यात ठिपका दिसला.

“पिवळा,” बबी म्हणाली.

बाबा काही बोलले नाहीत.

ती क्षणभर वाट बघत राहिली, मग त्यांनी ऐकलं नसेल म्हणून पुन्हा म्हणाली, “पिवळा, बाबा.” आणि तेव्हा तिला तो लाल दिसला. तिने सगळ्या ताकदीने ब्रेक ओढला. गाडी सिग्नलखालून गेली, किंचाळत राहिली आणि पुढे कुठेतरी जाऊन थांबली. पडद्यावर आकडा आला: सत्तर मीटर.

आई म्हणाली, “काय झालं?”

लाल येणार हे तिला माहीत होतं. तिनेच तो आणला होता. ती बाबांकडे वळली. ते गेमकडे बघतच नव्हते, तिच्याकडे बघत होते.

“बाबा, तो पिवळा होता,” ती म्हणाली. “मी नीट बघितलं. खरंच पिवळा होता.”

“हो,” बाबा म्हणाले. “मला माहीत आहे.”