पाचव्या पानावरची अवतरणचिन्हं

पेपरच्या कचेरीत तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि माघारी चाळणी. हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. बावीस वर्षं ती एकाच टेबलावर बसत आली होती. बातमीदारांनी आणलेल्या बातम्या तपासायच्या, त्यातलं फुगवलेलं कापायचं, उरलेल्याला शीर्षक द्यायचं, हे तिचं काम. तिच्या हाताखालून चुकीची तारीख सुटत नसे. एकदा खुद्द संपादकांनी आपल्या अग्रलेखात एका चांगल्या धडधाकट शास्त्रज्ञाला ‘दिवंगत’ करून टाकलं होतं. तिने वाद घातला नाही. त्या शास्त्रज्ञाच्या घरी फोन लावला, त्यानेच तो उचलल्यावर रिसीव्हर संपादकांच्या हातात दिला आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

त्या सोमवारी सकाळी ती बूट घालत असतानाच नणंदेचा फोन आला. नणंद शाळेत गणित शिकवायची आणि एरवी कुठल्याही गोष्टीला पुरावा मागायची. पण आज ती भडकलेली होती. शहराच्या आरोग्यप्रमुख डॉक्टरीणबाई काय बोलल्या ते वहिनीने ऐकलं का, असं तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता वाचूनच दाखवलं: “पाणी उकळायचा कंटाळा असेल तर खुशाल आजारी पडा.” घरच्या ग्रुपवर तो मजकूर बाईंच्या फोटोसकट आला होता, आणि तिने तो शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना पाठवूनही दिला होता.

शहरात दहा दिवसांपासून नळाला गढूळ पाणी येत होतं. मुख्य जलवाहिनी फुटली होती, दुरुस्तीला वेळ लागणार होता, इस्पितळात पोटाच्या आजाराचे रोगी वाढत चालले होते. लोक आधीच वैतागलेले. त्यात हे वाक्य.

कचेरीत पोचेपर्यंत ते वाक्य तिने आणखी चार ठिकाणी ऐकलं. बातम्यांच्या वाहिनीवर लाल पट्टीवर ते सारखं फिरत होतं. आरोग्य कार्यालयाच्या फाटकाशी माणसं जमली होती आणि गढूळ पाण्याच्या बाटल्या पायऱ्यांवर रिकाम्या करत होती. बाईंकडून वरिष्ठांनी खुलासा मागवला होता. सकाळच्या बैठकीत संपादकांनी सांगून टाकलं की उद्या पहिल्या पानावर हीच बातमी, नागरिकांच्या संतप्त प्रतिक्रियांसह.

“हे वाक्य बाईंचं नाही,” ती म्हणाली.

संपादकांनी विचारलं, कशावरून. तिने सांगितलं की साथीच्या वर्षापासून ती बाईंच्या पत्रकार परिषदा कागदावर उतरलेल्या वाचत आली आहे. बाई कधी एक वाक्य धड पुरं करत नाहीत. मध्येच थांबतात, ‘म्हणजे’ म्हणतात, स्वतःलाच दुरुस्त करतात. ‘खुशाल’ हा शब्द त्यांच्या तोंडात तिने आजवर ऐकलेला नाही. इतकं गुळगुळीत, घासूनपुसून तयार केलेलं वाक्य बोललेलं नसतं. ते कुणीतरी लिहिलेलं असतं.

“दोन तास द्या साहेब. हे कुठून आलं ते शोधून तुमच्या टेबलावर ठेवते.”

संपादकांनी दिले. तिने मागितलेलं ते सहसा देत.

आधी तिने वाहिनीत फोन लावला. तिथल्या वृत्तसंपादकाला ती वीस वर्षं ओळखत होती. त्याने फार आढेवेढे न घेता सांगितलं की त्यांनी ते एका वेबसाइटवरून उचललं. बाईंना विचारलं का, या प्रश्नावर तो म्हणाला की सगळीकडेच चाललं होतं, मग आता विचारायचं काय. तिने त्याला दोन शेलक्या शब्दांत सुनावलं आणि वेबसाइटचा नंबर फिरवला. तिथे एक मुलगी होती, नम्र आणि घाईत. तिने सांगितलं की त्यांनी वाक्य फक्त जरा सोपं केलं, ठसका यावा म्हणून ‘कंटाळा’ आणि ‘खुशाल’ घातलं. भाव तोच ठेवला.

“कशाचा भाव?” चाळणीने विचारलं. “मूळ कुठून घेतलंत?”

“तुमच्याच पेपरातून मॅडम. गुरुवारचा अंक, पान पाच.”

ती हसली. शक्यच नाही म्हणाली. फोन ठेवून उठली, कपाटातून गुरुवारचा अंक काढला, पाचवं पान उघडलं आणि उभ्या उभ्या वाचू लागली.

डाव्या बाजूला, अगदी खाली, एका रकान्यात बातमी होती. बातमी ठीक होती. बातमीदाराने बाईंचं बोलणं नीट दिलं होतं. पण वर शीर्षक होतं: ‘पाणी उकळा, नाहीतर आजारी पडा’. दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं, आणि खाली बाईंचं पद. म्हणजे वाचणाऱ्याला एकच अर्थ लागणार, की हे बाईंचे शब्द आहेत.

ते शब्द बाईंचे नव्हते. तिचे होते. गुरुवारचं पान तिनेच लावलं होतं. जागा अरुंद, बाईंचं वाक्य लांबलचक. तिने त्याचं सार काढलं, पाच शब्दांत बसवलं आणि जरा जिवंत वाटावं म्हणून चिन्हं लावली. दोन मिनिटांचं काम. असं तिने याआधी किती वेळा केलं असेल, हे आठवायला तिने सुरुवात केली आणि मधेच थांबली, कारण आकडा वाढत चालला होता.

आजूबाजूला नेहमीसारखी कुजबूज, फोन, कळफलकांची टकटक. कुणाचंही लक्ष तिच्याकडे नव्हतं. अंक परत कपाटात ठेवला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. हा विचार तिच्या मनात आला, हे तिने पुढे कधी नाकारलं नाही. पण तो टिकला नाही. तिने अंक काखेत मारला आणि थेट संपादकांच्या खोलीत गेली.

संपादकांनी शीर्षक वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग त्यांचा चेहरा खुलला. त्यांचं म्हणणं असं, की ‘खुशाल’ कुणी घातलं? वेबसाइटने. आग कुठल्या शब्दाने लागली? ‘खुशाल’ने. मग उद्या आपण वेबसाइटचं आणि वाहिनीचं पितळ उघडं पाडू. बातमीही मोठी, आपणही सुटलो. यात खोटं काहीच नाही.

“शब्द त्यांनी वाढवला,” ती म्हणाली. “पण बाईंच्या तोंडात वाक्य घातलं मी. चिन्हं माझी आहेत.”

“अहो, शीर्षक आहे ते. सगळेच करतात.”

“म्हणून तर कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही वाटलं.”

तिने सांगितलं की मी बाईंकडे जाऊन येते, आल्यावर काय लिहायचं ते ठरवू. आणि परवानगीची वाट न बघता पर्स उचलली. जाताना त्या बातमीदाराकडून पत्रकार परिषदेचं ध्वनिमुद्रण मागून घेतलं. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं आपलंच काही चुकलं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की या सगळ्यात एकट्या त्याचंच बरोबर आहे.

आरोग्य कार्यालयाच्या पायऱ्या चिखलाने माखल्या होत्या. पहारेकऱ्याने तिला मागच्या दाराने आत घेतलं. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत फायलींचे ढीग होते, भिंतीवर शहराचा नकाशा आणि त्यावर लाल टाचण्या, आणि टेबलावरचा फोन बाजूला काढून ठेवलेला. डॉक्टरीणबाई टीव्हीवर दिसत त्याहून बुटक्या होत्या आणि दोन दिवस झोपल्या नसाव्यात.

तिने प्रस्तावना केली नाही. पान टेबलावर पसरलं, शीर्षकावर बोट ठेवलं आणि सांगितलं: हे मी लिहिलं, तुम्ही असं म्हणाला नव्हतात, पुढचं सगळं यातून वाढलं.

बाईंनी पान जवळ ओढून शीर्षक वाचलं. त्या ओरडतील अशी तिची तयारी होती. त्या ओरडल्या नाहीत, पण सोडूनही दिलं नाही.

“काल वॉर्डात एका आईने माझ्याकडे पाठ फिरवली,” त्या म्हणाल्या. “मुलाला सलाईन लावलेलं. मी नाडी बघायला गेले तर ती म्हणाली, तुम्हीच म्हणालात ना, पडा आजारी. मी... म्हणजे, तिला काय सांगणार होते मी? मी असं म्हटलं नाही, हे त्या खोलीत मला बोलताच आलं नाही. ते शीर्षक लावायला किती वेळ लागला तुम्हाला?”

“दोन मिनिटं.”

बाईंनी मान हलवली, जणू उत्तर अपेक्षितच होतं. मग त्या उठून नकाशापाशी गेल्या. तीन वस्त्यांवर बोट फिरवत त्यांनी सांगितलं की इथले लोक शनिवारपासून मुद्दाम पाणी उकळत नाहीत. रागाने. आजारी पाडणार असाल तर पडतो आणि येतो तुमच्याच दारात, असं आरोग्यसेविकांना तोंडावर ऐकवतात. आज सकाळी तिथून सतरा नवे रोगी आले.

चाळणीला हे माहीत नव्हतं. आपल्यामुळे एका बाईची अब्रू गेली, एवढंच ओझं घेऊन ती आली होती. सतरा माणसं तिच्या हिशेबातच नव्हती. ती रडली नाही. रडून इथे कुणाचं काही होणार नव्हतं.

“उद्या पहिल्या पानावर माफी छापते,” ती म्हणाली.

“माफी नको मला. नको म्हणजे, छापा, पण खाली. वर मी जे बोलले होते ते छापा. सगळं. अडखळले असेन तर अडखळण्यासकट. त्यात लोकांनी काय करायचं ते आहे, आणि ते... ते वाचणं जास्त गरजेचं आहे.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “तुमच्या नोकरीचं काय?”

“ते मी बघते.”

परत आल्यावर तिने कानाला हेडफोन लावून ध्वनिमुद्रण तीनदा ऐकलं आणि शब्दन् शब्द उतरवला: “हे बघा, पाणी उकळलं नाही तर, म्हणजे, आजार वाढतील, आणि ते मला नकोय. लोकांना त्रास होतो, इंधन जातं, वेळ जातो, ते मला कळतं, माझ्याही घरी तेच पाणी येतं. पण पंधरा दिवस. फक्त पंधरा दिवस एवढं करा माझ्यासाठी.” एकही ‘म्हणजे’ तिने कापला नाही. शीर्षक दिलं: ते वाक्य आमचं होतं. त्याला चिन्हं लावली नाहीत. खाली वेबसाइटने काय वाढवलं, वाहिनीने काय विचारलं नाही, हे सरळ सांगितलं, पण पहिलं नाव आपल्या पेपरचं आणि पहिलं पद आपलं घातलं.

संपादकांनी ते वाचून येरझारा घातल्या. मालकांचा फोन येईल म्हणाले. निदान पद तरी काढा म्हणाले. तिने विचारलं, हेच एखाद्या अधिकाऱ्याने केलं असतं तर आपण त्याचं पद काढलं असतं का? संपादकांनी पेन काढलं आणि पानावर सही केली.

मंगळवारी मालकांचा फोन आला, तिला ताकीदपत्र मिळालं, आणि पहिलं पान तीन महिन्यांसाठी तिच्याकडून काढून घेतलं गेलं. दुसऱ्या एका पेपराने चाळणीला भोक पडल्याचा विनोद केला, तो तिच्याच कचेरीत सगळ्यांत जास्त हसून वाचला गेला. वेबसाइटने आपला मजकूर गुपचूप पुसला. वाहिनीने संध्याकाळी अर्ध्या मिनिटाचा खुलासा केला. नणंदेने मात्र काम चोख केलं. ज्या ज्या शिक्षकाला खोटं वाक्य पाठवलं होतं, त्याला तिने बाईंचं खरं बोलणं पाठवलं आणि वर लिहिलं की चूक माझीही. मग वहिनीला फोन करून म्हणाली, “अगं, मी पुरावा मागायला विसरले. गुरुवारी तुमच्या पेपरात तसंच शीर्षक वाचलं होतं, म्हणून खरं मानलं.” ते ऐकून वहिनीला ताकीदपत्रापेक्षा जास्त लागलं.

आरोग्यसेविकांनी ते पान झेरॉक्स करून तिन्ही वस्त्यांत घरोघर नेलं. काहींनी वाचलं, काहींनी हे सगळं संगनमताने केलंय म्हणून फाडलं. पण आठवड्याच्या अखेरीला नवे रोगी दिवसाला चारवर आले, आणि खुलाशाची फाइल न बोलता बंद झाली. बाईंनी तिला फोन केला नाही, आभारही मानले नाहीत. पुढच्या पत्रकार परिषदेत तिच्या बातमीदाराच्या प्रश्नाला त्यांनी इतरांइतकंच लांब आणि तुटक उत्तर दिलं, आणि यात तिला समाधान वाटलं.

टेबलावर तिने एक नियम आणला: चिन्हांतलं वाक्य ध्वनिमुद्रणात किंवा वहीत दाखवता आलं नाही, तर चिन्हं निघणार. तरुण मंडळींनी कुरकुर केली. शीर्षकं आता आळणी होतात म्हणाले. ती म्हणाली, जास्त विचार करा, होणार नाहीत. आणि खरंच, महिन्याभरात काही शीर्षकं अशी आली की तिला स्वतःला हेवा वाटावा.

मग एका दुपारी तिच्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे खर्जातला, जरा संकोचलेला आवाज. तो राष्ट्रीय संघाचा जुना गोलरक्षक होता. एके काळी सारं शहर त्याला भिंत म्हणायचं. त्याने सांगितलं की अकरा वर्षांपूर्वी त्याच्या नावावर एक वाक्य छापून आलं होतं, आपला संघ हरायच्याच लायकीचा आहे असं. तो तसं बोलला नव्हता. सोबतचे खेळाडू तेव्हापासून त्याच्याशी बोलत नाहीत. तेव्हा त्याने दोन पत्रं पाठवली होती, उत्तर आलं नव्हतं. आता इतक्या उशिरा विचारण्यात काही अर्थ आहे की नाही, त्याला कळत नव्हतं.

“कुठल्या पेपरात?” तिने विचारलं.

“तुमच्याच.”

तिने समोरचं पान बाजूला सारलं, वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

“तारीख सांगा,” ती म्हणाली. “आणि तुम्ही खरं काय बोलला होतात ते सावकाश सांगा. मी लिहून घेतेय.”