अण्णांचा गेमिंग लॅपटॉप

"अहो अण्णा, हा गेमिंगचा आहे," अण्णांचा मुलगा म्हणाला. आवाज दुकानभर जाईल इतका मोठा. "लाल दिवे लागतात त्याच्यात. कॉलेजातली पोरं घेतात असला. तुमचं वय काय?"

"वय तुला माहीत आहे," अण्णा म्हणाले.

काउंटरवरच्या मुलीने दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडले होते. एक चंदेरी, पातळ, दोन बोटांनी उचलावा असा. दुसरा काळा, जाडजूड, मागच्या बाजूला जाळ्या असलेला. रेडिएटरसारख्या त्या जाळ्यांवरून अण्णांनी उजव्या हाताची बोटं फिरवली. डावा हात खिशात होता. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून चारचौघांत तो खिशातच असायचा.

अण्णांनी उभं आयुष्य टँकर चालवला. झटक्यानंतर डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं आणि लायसन्सही गेलं. मग दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी एकदा त्यांना पडद्यासमोर बसवलं आणि टेबलाला लावलेलं खेळातलं स्टिअरिंग हातात दिलं. पडद्यावर ट्रक होता, घाट होता. एरवी चमचाही न धरणारा डावा हात वळण आलं तसा आपसूक फिरला. बाई म्हणाल्या, "घरी रोज करा. फक्त लॅपटॉप चांगल्या ग्राफिक्सचा घ्या. साध्यावर हा खेळ अडखळतो."

हे सगळं अण्णांनी मुलाला सांगितलं होतं. त्याने हो हो केलं होतं, आणि दुकानात पाऊल ठेवल्या ठेवल्या चंदेरी लॅपटॉप काढायला लावला होता.

"ट्रकचा गेम याच्यावर चालेल, पण अडकत अडकत," मुलगी चाचरत म्हणाली. "त्यासाठी काळाच बरा. बाकी चंदेरी खरंच छान आहे, सर. वजन नाही, बॅटरी दिवसभर पुरते, स्क्रीन सुंदर."

"ऐकलंत?" मुलगा म्हणाला. "तोच पॅक करा. बँकेची कामं होतील, आईला मावशीशी बोलता येईल. घरात शोभेल तरी. हे धूड नेलं तर लोक हसतील."

"लोकांचं राहू दे. तुझं काय ते बोल."

मुलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझं? मग ऐकाच. आईचं ऑपरेशन चाललं होतं तेव्हा बाहेर बाकावर कोण बसलं होतं? मी. शाळेच्या कपड्यांत. तुम्ही कुठे होतात?"

"टँकर नाक्यावर अडकला होता. भरलेला. सोडून कसा येणार?"

"दर वेळी टँकरच अडकलेला. आता सुटला एकदाचा, म्हटलं, माणूस घरात येईल. तर तुम्ही पैसे मोजून परत ट्रक आणताय. तोही खोटा!"

काउंटरवरच्या मुलीने उगाचच चंदेरी लॅपटॉप पुसायला घेतला. पोराचं एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच त्यांचं डोकं तापलं. त्यांनी खिशातला हात ओढून काढला आणि काउंटरवर ठेवला. बोटं आत वळलेली होती.

"हे बघ. शर्टाची बटणं तुझी आई लावते माझी. तेही शोभतं का घरात?"

"इथे नाटकं नकोत," मुलगा दुसरीकडे बघत म्हणाला.

"काळा द्या," अण्णांनी मुलीला सांगितलं. "आणि ते स्टिअरिंगही. पैसे माझे आहेत."

"मग उचलाही तुम्हीच." मुलगा निघून गेला.

मुलीने मदतीला हात पुढे केला. अण्णा "राहू दे" म्हणाले. एका हाताने खोकी छातीशी धरून ते दारापर्यंत गेले. दार मात्र तिनेच उघडून धरलं. बाहेर मुलगा गाडी चालू करून बसला होता. त्याची मान वळली नाही. अण्णांनी खोकी टपावर ठेवली, मागचं दार उघडलं, खोकी आत ढकलली आणि त्यांच्यामागून स्वतःला.

रस्ताभर वळण आलं की अण्णांचा पाय समोरच्या सीटखाली ब्रेक दाबायचा. मुलाला सीटखालचा धक्का जाणवला.

"गाडी मी चालवतोय," तो म्हणाला.

"दिसतंय. म्हणूनच दाबतोय."

घरी आल्यावर मुलगा आपल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. त्याने त्या खोक्यांना हात लावला नाही तो नाहीच. शेवटी व्यायामाच्या बाई घरी आल्या आणि त्यांनी सगळं जोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा टँकर घेऊन निघाले. पहिल्याच वळणावर डावा हात निसटला आणि टँकर कठड्यावर गेला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. टँकर पुन्हा कठड्यावर. कपाळावरचा घाम पुसून त्यांनी बोटं एकेक करून स्टिअरिंगभोवती आवळली. या खेपेला हात टिकला.

"बघ, वळला!" ते मागे न बघता म्हणाले. पाठीमागे बायको पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. "माझ्या गाडीत कधी बसली नाहीस ना तू? ये, बस." त्यांनी पायाने स्टूल शेजारी ओढलं.

ती आली. बसली मात्र नाही. स्टुलाच्या पाठी उभी राहून तिने थोडा वेळ तो रस्ता पाहिला. चढ लागला, गिअर पडला, इंजिन घुमलं.

"याचा आवाज बंद करता येतो का हो?"

"का गं? बारीकच तर ठेवलाय."

"तुम्ही निघालात की कोपऱ्यापर्यंत ऐकू यायचा," ती म्हणाली. "पोरगं दाराशी जाऊन उभं राहायचं, आवाज जाईपर्यंत. मीच आत ओढून आणायची. नको आता तो घरात."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग चष्मा सावरून बटणांवर बोट फिरवत त्यांनी आवाजाचं बटण शोधलं आणि दाबलं.

ती परत कपड्यांकडे गेली. स्टूल तसंच राहिलं. पडद्यावर टँकर मुक्याने घाट चढत होता.